कौल, करार आणि अहदनामा

ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथाचे दोन भाग आहेत आणि त्यांना 'जुना करार' व 'नवा करार' म्हणतात, एवढे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक असते. परंतु धर्मग्रंथाला करार का म्हणावे, हा प्रश्न महाराष्ट्रात असताना सहसा कोणाला पडत नाही. तो पडतो दिल्लीत आल्यावर. इकडील हिंदी भाषिक ख्रिस्ती गृहस्थाच्या घरी तोच ग्रंथ 'पुराना नियम' आणि 'नया नियम' या नावांनी असतो, आणि उर्दू वाचणाऱ्याच्या हाती तो 'पुराना अहदनामा' व 'नया अहदनामा' म्हणून पडतो. एकाच मूळ शब्दाची ही तीन रूपे. नियम म्हटला की सरकारी सेवकाला सेवानियम आठवावेत, करार म्हटला की ठेकेदार, निविदा आणि मुद्रांक डोळ्यांपुढे यावेत, आणि अहदनामा म्हटला की मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला १७५२ सालचा दिल्लीचा अहदनामा आठवावा, हे साहजिकच आहे. त्यातही गंमत अशी की, आपल्या शेजारच्या उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडी 'करार' म्हणजे जिवाची स्वस्थता. मूळ अरबी शब्दात स्थिर होणे, ठरणे असा भाव आहे. त्यांच्याकडे मन ठरले, आपल्याकडे व्यवहार ठरला. करारी माणूस म्हणताना मात्र आपणही त्या मूळ अर्थाच्या जवळ जातो.

या सर्वांच्या मागे जो हिब्रू शब्द आहे तो 'बरीथ'. त्याच्याबरोबर येणारे क्रियापद मोठे विलक्षण आहे. हिब्रूत करार लिहीत नाहीत, बांधत नाहीत, करार 'कापतात'. हे कापणे अक्षरशः होते. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाची कथा आहे. त्याला मूल नाही, भूमी नाही. वय उलटून गेलेले. तुझी संतती ताऱ्यांसारखी होईल आणि हा देश तिला मिळेल, असे आश्वासन त्याला मिळते, आणि हे मी कशावरून समजू, असे तो विचारतो. तेव्हा देव त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा आणि दोन पक्षी आणावयास सांगतो. जनावरे मधोमध चिरून अर्धे अर्धे भाग समोरासमोर मांडले जातात. त्या काळच्या रीतीप्रमाणे करार करणाऱ्यांनी त्या दोन रांगांमधून चालत जावयाचे असे. मी शब्द मोडला तर माझी गत या पशूंसारखी होवो, असा त्याचा अर्थ. पण कथेत अब्राहामाला गाढ झोप लागते, अंधार पडतो, आणि धुमसणारी भट्टी व पेटती मशाल तेवढी त्या तुकड्यांमधून जाते. म्हणजे चालत गेला तो एकच पक्ष, आणि तोही वरिष्ठ. अब्राहामाकडून त्या रात्री काहीही लिहून घेतलेले नाही.

हा प्रसंग ज्याला समजला त्याला बायबलातील कराराची निम्मी कल्पना आली असे समजावे. आपल्या जुन्या दप्तरांच्या भाषेत बोलावयाचे तर हा करार नव्हे, हा कौल आहे. ओसाड पडलेल्या गावाची पुन्हा लावणी व्हावी म्हणून सरकार रयतेला कौल देत असे: या, वसा, जमीन कसा, अमुक वर्षे सारा इतकाच घेऊ, तुम्हांस उपद्रव लागू देणार नाही. कौल वरून खाली येतो. त्याच्या उलट रयतेने लिहून द्यावयाची ती कबुलायत. कोकणातील मनुष्य तर देवळातही कौल लावतो, म्हणजे देवाचा शब्द मागतो. तेव्हा हा शब्द केवळ दफ्तरातला आहे असेही नाही. अब्राहामाला मिळाला तो कौल, आणि पुढे सीनाय पर्वताखाली मोशेच्या वेळी इस्राएल लोकांनी दिली ती कबुलायत. तेथे मोशे कराराचे पुस्तक वाचून दाखवितो, सारे लोक आम्ही हे पाळू म्हणून एकमुखाने कबूल होतात, आणि मारलेल्या बैलांचे रक्त अर्धे वेदीवर व अर्धे लोकांवर शिंपडले जाते. नोहाला जलप्रलयानंतर दिलेले वचन याहून जुने. ते तर माणसांपुरतेही नाही, सर्व सजीव सृष्टीला दिलेले आहे, आणि त्याची खूण म्हणून आकाशातले धनुष्य. दावीद राजाला त्याच्या घराण्याविषयी दिलेले वचन याहून अलीकडचे. कोठे कौलाचा अंश अधिक, कोठे कबुलायतीचा. आणि सबंध जुन्या करारातील ओढाताण या दोहोंमधली आहे असे आम्हांस वाटते. लोक कबुलायत पुनः पुन्हा मोडतात. मग कौल शिल्लक राहतो की नाही?

ही तुलना केवळ मराठी माणसाच्या सोयीची नाही. १९०६ साली तुर्कस्तानात बोगाझकोय येथे ह्यूगो विंकलर या जर्मन संशोधकाने उत्खनन सुरू केले आणि हित्ती साम्राज्याचे दप्तरच हाती लागले. त्या भाजलेल्या विटांवर हित्ती सम्राटांनी मांडलिक राजांशी केलेले तह होते. १९५४ साली जॉर्ज मेंडेनहॉल या अमेरिकन पंडिताने दाखवून दिले की, या तहांची मांडणी आणि सीनायच्या कराराची मांडणी यांत मोठे साम्य आहे. प्रथम सम्राटाचे नाव व बिरुदे, मग त्याने मांडलिकावर पूर्वी काय उपकार केले त्यांचा वृत्तान्त, मग कलमे, मग तहाची प्रत देवळात ठेवून ती वेळोवेळी वाचून दाखविण्याची आज्ञा, मग साक्षीदार, आणि शेवटी पाळल्यास आशीर्वाद, मोडल्यास शाप. दहा आज्ञांच्या आरंभी देव आपली ओळख मिसरातील दास्यातून सोडविणारा म्हणून करून देतो, त्या पाट्या कराराच्या कोशात ठेवल्या जातात, नियमशास्त्राचे दर सात वर्षांनी सर्वांसमक्ष वाचन होते, ही सारी अंगे त्या चौकटीत बसतात. एक अडचण मात्र उरते. हित्ती तहाला साक्षी म्हणून देवांची लांबलचक यादी असे. जेथे देव एकच, आणि तोच कराराचा पक्षकार, तेथे साक्षी कोणाची काढावयाची? बायबलाचे उत्तर असे की आकाश आणि पृथ्वी यांची. पुढे संदेष्टे लोकांवर फिर्याद मांडतात तेव्हाही याच दोघांना साक्षीस पाचारण करतात.

कराराच्या पालनाविषयी या लोकांची नजर किती कडक होती हे दोन कथांवरून दिसते. गिबोन गावचे लोक जवळचेच. पण फाटके जोडे, शिळी भाकर आणि ठिगळे लावलेले बुधले घेऊन, आम्ही फार दुरून आलो, अशी बतावणी करून ते यहोशवाकडून अभयाचा करार मिळवितात. तीन दिवसांनी लबाडी उघडकीस येते. आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे कपटाने मिळविलेली संमती फसलेल्या पक्षाला रद्द करता येते. यहोशवाच्या लोकांचा संतापही तेच मागत होता. परंतु शपथ झालेली होती; ती मोडली गेली नाही. गिबोनकरांना लाकडे तोडण्या-पाणी भरण्याच्या कामाला लावले, पण जीवदान दिले. कित्येक पिढ्यांनंतर शौल राजाने त्यांची कत्तल केली, तेव्हा दावीदाच्या काळात पडलेला तीन वर्षांचा दुष्काळ त्या शपथभंगाचे फळ मानला गेला.

दुसरी कथा यिर्मयाच्या काळची, यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता तेव्हाची. भयाने ग्रासलेल्या सिदकीया राजाने आणि नगरातील मातब्बरांनी वासरू चिरून, त्याच्या तुकड्यांमधून चालत जाऊन, करार केला की आपापल्या हिब्रू दासदासींना मुक्त करावयाचे. मुक्त केलेही. इतक्यात मिसरचे सैन्य येत असल्याची बातमी आली, वेढा उठला, आणि या मंडळींनी मुक्त केलेल्या माणसांना पुन्हा धरून आणले! यिर्मयाचा संताप येथे परमावधीला पोचतो. तुम्ही माझ्या बांधवांना मोकळीक दिली नाहीत, तर मीही मोकळीक देतो, तलवारीला, मरीला आणि दुष्काळाला, अशा आशयाची त्याची वाणी आहे. संकटात काढलेला हुकूम संकट टळताच मागे घेण्याची कला राजधान्यांना किती जुनी अवगत आहे, हे पाहून दिल्लीकर वाचकास नवल वाटू नये.

याच यिर्मयाच्या ग्रंथात 'नवा करार' हे शब्द प्रथम येतात. जुना करार लोकांनी मोडला. आता जो करार होईल तो दगडावर लिहिलेला नसेल, अंतःकरणावर लिहिलेला असेल, आणि कोणाला कोणी शिकविण्याची गरज उरणार नाही, अशी त्याची आशा. सुमारे सहाशे वर्षांनंतर यरुशलेमातील एका माडीवर, वल्हांडणाच्या भोजनाच्या वेळी, येशूने द्राक्षारसाचा प्याला उचलून हे शब्द स्वतःच्या रक्ताशी जोडले, असे शुभवर्तमानकार लूक आणि त्याच्याही आधी लिहिणारा पौल सांगतात. ख्रिस्ती मनुष्याच्या दृष्टीने सारा इतिहास त्या प्याल्यात एकवटलेला आहे. सीनायजवळ बैलांचे रक्त शिंपडले होते. येथे देणाराच स्वतःचे रक्त देतो. अब्राहामाच्या रात्री चिरलेल्या तुकड्यांमधून वरिष्ठ पक्ष एकटाच चालत गेला होता. करार लोकांनी मोडला आणि त्याचा दंड मात्र त्याने स्वतःवर घेतला, असे ख्रिस्ती भाष्यकार त्या दोन प्रसंगांना जोडून सांगतात. प्रभुभोजनाचा विधी, कॅथलिकांचा मिसा असो की प्रॉटेस्टंटांची भाकर व प्याला असो, हा त्या कराराचे पुनःस्मरण होय. विधीच्या अर्थाबद्दल पंथापंथांत कितीही कडाक्याचे वाद असले तरी तो कराराचा विधी आहे, याबद्दल वाद नाही.

मध्ये एक भाषांतराचा प्रश्न येऊन गेला, आणि त्याचा परिणाम फार दूरवर झाला. ख्रिस्तपूर्व काळात यहुदी पंडितांनी आपला ग्रंथ ग्रीकमध्ये उतरविला तेव्हा बरीथसाठी त्यांच्यापुढे दोन शब्द होते. 'सिन्थेके' म्हणजे बरोबरीच्या दोघांनी मिळून ठरविलेली गोष्ट. 'दियाथेके' म्हणजे एकाने आपल्या इच्छेने केलेली व्यवस्था, विशेषतः मृत्युपत्र. त्यांनी दुसरा शब्द घेतला. देव आणि मनुष्य यांच्यात घासाघीस होत नाही, हे त्यांना सुचवावयाचे असावे. पुढे 'इब्री लोकांस पत्र' लिहिणाऱ्या अज्ञात लेखकाने या दुहेरी अर्थाचा पुरेपूर फायदा घेतला: मृत्युपत्र अमलात येण्यासाठी ते करणाऱ्याचा मृत्यू व्हावा लागतो, म्हणून ख्रिस्ताच्या मरणाने वारसा खुला झाला. लॅटिनमध्ये 'टेस्टामेंटुम' झाले, तेथून इंग्रजीत 'टेस्टामेंट' आले. मराठी ख्रिस्ती वाचकाला तो मृत्युपत्राचा दाखला थोडा अडखळवितो याचे कारण हेच. आपला 'करार' ग्रीक शब्दाकडे न पाहता हिब्रू शब्दाकडे पाहतो. मराठी भाषांतरकारांनी येथे मुळाशी अधिक इमान राखले असे आमचे मत आहे. अर्थात् 'कौल' त्याहूनही साधला असता.

आणि 'इमान' म्हटले तेव्हा एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ख्रिस्ती प्रार्थनेच्या शेवटचा 'आमेन' आणि आपल्या तोंडचा 'इमान' हे एकाच सेमिटिक धातूचे आहेत. स्थिर असणे, भरवशाचे असणे हा त्याचा अर्थ. बेइमान हा शब्द आपण किती सहज वापरतो!

मराठी भाषेत ही सारी कल्पना प्रथम आली तेव्हा मात्र ती कराराच्या वेषात आली नाही. गोव्यात साष्टी भागात राहिलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या आपल्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे दोन भाग केले, आणि त्यांना नावे दिली 'पैलें पुराण' व 'दुसरें पुराण'. नव्याने ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांना आपली पुराणे सुटल्याची हळहळ होती. त्यांच्या हाती पुराणच द्यावयाचे हा त्यांचा हेतू. हेतू सफल झाला, कथा राहिली. पण पुराण ऐकावयाचे असते, त्यावर सही करावयाची नसते. दोन पक्ष आणि त्यांतील बंधन ही कल्पना त्या सुंदर ओव्यांत मागे पडली, असे म्हणावे लागते.

ती पुढे आली एकोणिसाव्या शतकात, प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांबरोबर. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये छापला; मुंबईस अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६ मध्ये निघाला. ही माणसे कोठून आली होती हे लक्षात घेतले म्हणजे कराराचे महत्त्व समजते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक न्यू इंग्लंडमधले; त्यांच्याकडे एखादी मंडळी स्थापन होते ती सभासदांनी लेखी करार करूनच. डॉक्टर जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी स्कॉटलंडचे. त्यांच्या पूर्वजांनी १६३८ मध्ये एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स देवळात राजाच्या धर्मविषयक हुकमांविरुद्ध राष्ट्रीय करारावर सह्या केल्या होत्या आणि त्यापायी पुढे प्राणही वेचले होते. स्कॉटलंडकर आणि अमेरिकन दोघेही तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत, कारण अब्राहामाच्या करारात जशी आठव्या दिवशीच्या बालकाची सुंता, तसा नव्या करारात बालकाचा बाप्तिस्मा. केरी बाप्तिस्त पंथाचे. त्यांच्या मते ज्याला समजते त्यानेच करारात यावे. आईबापांचा करार मुलाला बांधतो की नाही, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

महाराष्ट्रात तो प्रश्न उलट्या दिशेने उभा राहिला. मुलगा नव्या करारात गेला तर जन्माने लाभलेले जुने करार, म्हणजे आईबाप, बायको, जात, वतन, यांचे काय? सरकारने १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ठरविले की धर्म बदलल्याने वारसा जाणार नाही. १८६६ च्या कायद्याने ठरविले की, ख्रिस्ती झालेल्याची पत्नी किंवा पती नांदावयास तयार नसेल तर ठरावीक मुदतीनंतर विवाह मोडता येईल. कायदा एवढेच करू शकतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळले, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगावयास नकोच. टिळकांना कायद्याची वाट मोकळी होती. ती त्यांनी धरली नाही. लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले नाही आणि नवराही सोडला नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघे पुन्हा एकत्र आली, आणि १९०० साली, स्वतःच्या पायांनी, त्याही ख्रिस्ती झाल्या. बायबलात शेवटचा संदेष्टा मलाखी लग्नाच्या बायकोला कराराची बायको म्हणतो. टिळकांच्या घरी दोन करारांची टक्कर झाली आणि दोन्ही वाचले, ही महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासातली आमच्या मते सर्वांत बोलकी गोष्ट आहे. शास्त्रार्थाचे वाद तिच्यापुढे फिके पडतात.

आता दिल्लीकडे वळू. १७५२ च्या एप्रिलात वजीर सफदरजंगाने बादशहा अहमदशहाच्या वतीने मल्हारराव होळकर व जयाप्पा शिंदे यांच्याशी अहदनामा केला. मराठ्यांनी बादशाहीचे आतल्या व बाहेरच्या शत्रूंपासून, म्हणजे मुख्यतः अब्दालीपासून, रक्षण करावे. त्याबद्दल पन्नास लक्ष रुपये, पंजाब-सिंधची चौथाई आणि आग्रा-अजमेरची सुभेदारी घ्यावी. वजीर मराठी फौज घेऊन दिल्लीस पोचतो तो इकडे बादशहाने घाबरून अब्दालीच्या वकिलाला पंजाब लिहूनही दिलेला! एका पक्षाने शाई वाळण्यापूर्वीच शब्द फिरविला. तरी मराठ्यांनी दिल्लीच्या रक्षणाची जबाबदारी अंगावरून झटकली नाही, आणि १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताकडे जाणारा रस्ता याच अहदनाम्यातून निघतो असे आपल्या काही इतिहासकारांनी म्हटले आहे. त्यात स्वार्थ नव्हता असे नाही. चौथाई कोणाला नको होती? पण सफदरजंगाच्या मकबऱ्याजवळून कचेरीस जाणाऱ्या मराठी माणसाने एवढे मनात आणावे की, ज्या शब्दाने उर्दूत ख्रिस्ताचा ग्रंथ ओळखला जातो तोच शब्द त्या कागदावर होता.

यानंतरची गोष्ट काश्मिरी दरवाजाजवळच्या सेंट जेम्स देवळाची. ते बांधणारा जेम्स स्किनर हा स्कॉच बापाचा आणि रजपूत आईचा मुलगा. मिश्र रक्तामुळे कंपनीच्या सैन्यात त्याला अधिकारपद मिळणे शक्य नव्हते, म्हणून तो शिंद्यांच्या कवायती फौजेत चाकरीस राहिला. १८०० साली राजपुतान्यात उणियाऱ्याच्या लढाईत तो जबर जखमी होऊन दोन दिवस दोन रात्री रणांगणावर पडून होता. वाचलो तर देऊळ बांधीन, असा त्याने तेथे नवस केला. एका चांभार बाईने येऊन त्याला पाणी आणि भाकर दिली. नवस फेडावयाला बराच काळ लागला. २१ नोव्हेंबर १८३६ रोजी कलकत्त्याच्या बिशप विल्सन यांच्या हस्ते देवळाची प्रतिष्ठापना झाली.

नवस आणि करार यांत भेद आहे, आणि तो बायबलही जाणते. बेथेल येथे याकोब जो बोलतो तो स्वच्छ नवस आहे: देवाने मला अन्नवस्त्र दिले, सुखरूप घरी आणले, तर तो माझा देव. आपल्या ओळखीचीच भाषा. नवसात माणूस अट घालतो. कौलात देव अट न घालता शब्द देतो. तरी धर्मग्रंथाने याकोबाच्या त्या व्यवहारी भाषेला नावे ठेवलेली नाहीत. पुढे नारायण शेषाद्री या ब्राह्मण ख्रिस्ती धर्मोपदेशकाने जालन्याजवळ निजामाच्या मुलखात ख्रिस्ती शेतकऱ्यांचे गाव वसविले, त्याला नाव दिले तेही बेथेलच.

परंतु स्किनरची आम्हांस अधिक मोलाची वाटणारी गोष्ट नवसाची नाही, मिठाची आहे. १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटले तेव्हा शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने इंग्रज रक्ताच्या सर्वच अधिकाऱ्यांना काढून टाकले, स्किनरलाही. ११ सप्टेंबरला यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. आजच्या नोएडाच्या गोल्फ मैदानात त्या लढाईचा स्मारकस्तंभ उभा आहे. शिंद्यांकडून फुटून आलेल्या घोडदळाचे नायकत्व लेकने स्किनरला देऊ केले, तेव्हा त्याने अट घातली की आपल्या जुन्या धन्यावर, शिंद्यांवर, आपल्याला पाठवू नये. जुन्या करारात 'मिठाचा करार' असा शब्दप्रयोग दोन-तीन ठिकाणी येतो; न नासणारा, न मोडणारा करार असा त्याचा अर्थ. प्रत्येक अर्पणात मीठ असावे असा तेथे नियम आहे. युरोपातील भाष्यकारांना हे कलम समजावून सांगण्यास पाने खर्चावी लागतात. खाल्ल्या मिठाला जागणे ज्याच्या बोलीत आहे त्याला टीपेची गरज नाही. स्किनरचे मीठ मराठ्यांचे होते. धन्याने काढून टाकले तरी ते उतरले नाही.

सरकारी कराराविषयीही दोन शब्द. कंपनीच्या मुलकी नोकरांकडून नजराणे न घेण्याचे करार क्लाइव्हच्या काळापासून लिहून घेऊ लागले, म्हणून त्यांची नोकरी 'कव्हेनंटेड'. बायबलातील बरीथला इंग्रजीत जो शब्द तोच हा. १८६९ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि रमेशचंद्र दत्त यांच्याबरोबर मुंबई इलाख्याचे श्रीपाद बाबाजी ठाकूर या परीक्षेत उतरले. बाकीचे आपण सारे 'अनकव्हेनंटेड', करारविरहित! ही दोन नावे एचिसन आयोगाच्या शिफारशीनंतर गेली. भेद तितक्या लवकर गेला नाही.

पुढे १९४८ च्या एप्रिलात मध्य भारताच्या संघासाठी ग्वाल्हेर, इंदूर आणि इतर संस्थानांच्या राजांनी ज्या लेखावर सह्या केल्या त्याचेही इंग्रजी नाव 'कव्हेनंट'च. त्यात तनखे होते, मानमरातब होते. १९५० च्या राज्यघटनेने त्यांची हमी घेतली आणि त्याच वेळी ३६३ व्या कलमाने सांगितले की अशा करारांविषयीचे वाद न्यायालयात नेता येणार नाहीत. राष्ट्रपतींनी १९७० मध्ये राजांची मान्यता काढली. माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले, जिंकले. आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने सारे प्रकरण मिटले. तनखे जावयास हवे होते, हे आमचे मत आम्ही लपवीत नाही. तरीही वल्लभभाईंनी राष्ट्राच्या वतीने दिलेल्या शब्दाचे काय, हा प्रश्न त्या वेळी ज्यांनी विचारला ते सारेच संस्थानिकांचे भाट नव्हते. ज्या कराराला न्यायालय नाही त्याला साक्षीदार कोण? आकाश आणि पृथ्वी एवढेच उरतात.

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक. नवा करार आला म्हणजे जुना रद्द झाला काय? शतकानुशतके ख्रिस्ती जगाने होय असेच उत्तर दिले, आणि त्या उत्तराच्या आधारे यहुद्यांचा जो छळ झाला तो सर्वश्रुत आहे. पौलाने मात्र रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, देव आपली देणगी आणि आपले पाचारण मागे घेत नाही, असे बजावले होते. रोमन कॅथलिक पंथाने १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्यात पौलाच्या त्या शब्दांचा पुन्हा आधार घेतला. त्यासाठी एकोणीसशे वर्षे जावी लागली.

महाराष्ट्राला या बाबतीत लाज वाटण्याजोगे काही नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, म्हणजे आपले शनवार तेली, तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवीत, मुलाची आठव्या दिवशी सुंता करीत आणि मराठी बोलत. ग्रंथ हरवला होता, हिब्रू विसरली होती. कराराच्या या खुणा तेवढ्या शेकडो वर्षे राहिल्या, आणि त्यांपायी त्यांना कोणी छळले नाही. त्यांना हिब्रू पुन्हा शिकविण्यात पुढाकार घेतला तो विल्सनसाहेबांनी. १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले आणि आपला करार अधिक नीट वाचू लागले. त्यांच्यातील सामुएल इझिकेल दिवेकर हे कंपनीच्या पलटणीतले कमांडंट टिपूच्या कैदेतून सुटले, आणि सुटकेचा नवस म्हणून त्यांनी १७९६ साली मुंबईस मांडवीत पहिले सिनेगॉग बांधले, असे सांगतात. स्किनरच्या आधी चाळीस वर्षे!

याच समाजातील काही कुटुंबे नोकरीनिमित्त आपल्यासारखीच दिल्लीस आली. हुमायून रोडवर १९५६ मध्ये बांधलेले ज्यूडा हायम सिनेगॉग आहे, शेजारीच दफनभूमी. शुक्रवारी सूर्यास्तानंतर तेथे प्रार्थना होते. पेटीत गुंडाळी ठेवलेली असते ती मोशेच्या पाच ग्रंथांची, ज्यांत अब्राहामाची ती रात्र आहे. त्या ग्रंथाला तेथे कोणी 'जुना' म्हणत नाही.